डॉक्टरांचा एच-इंडेक्स मोठा असेल तर डोळ्यांसाठी त्यांनाच निवडावं का?

तुम्ही विचारलंय की आईच्या मोतीबिंदूसाठी कोल्हापुरात डॉक्टर शोधताना एकांच्या नावावर ढीगभर शोधनिबंध आणि मोठा एच-इंडेक्स दिसला, तर त्यांच्याकडेच जावं का.

मी कोल्हापुरातच डोळ्यांची प्रॅक्टिस करतो. आधी आकड्याचं सांगतो. एच-इंडेक्स ही हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडलेली मोजणी. तो ३० असेल तर त्या माणसाच्या ३० निबंधांचा प्रत्येकी निदान ३० वेळा दुसऱ्या निबंधांत संदर्भ आलाय. संदर्भ मान्य म्हणून दिला की चूक दाखवायला, हे त्यातून कळत नाही. ऑपरेशनला हात कसा चालतो, हे तर नाहीच नाही.

पण म्हणून संशोधन म्हणजे नुसते कागद, असं कुणी म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं. ऊसतोड सुरू झाली की शिरोळ, हातकणंगले, करवीरकडून डोळ्याला उसाचं पान लागलेले पेशंट यायला लागतात. पानाची कड करवतीसारखी असते. बुबुळावर ओरखडा उठतो आणि त्यातून बुरशी आत शिरते. अशाच एक मावशी आल्या होत्या. म्हणाल्या, "मेडिकलातनं थेंब आणलं, दोन दिस बरं वाटलं, मग लई टोचाय लागलं बघा." थेंब स्टिरॉइडचे निघाले. त्याने लाली उतरते आणि बुरशी फोफावते. बुबुळावर पांढरा डाग, कडा पिसासारख्या विस्कटलेल्या. बधिर करणारे थेंब घालून जखमेतला कण खरवडला, स्लाइडवर पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकलं, आणि मायक्रोस्कोपखाली बुरशीचे धागे स्पष्ट दिसले.

आता औषध कोणतं? जुनं नाटामायसिन की नवं, महागडं व्होरिकोनाझोल? वाटतं, नवं ते बरं. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचे डॉ. वेंकटेश प्रज्ञा आणि त्यांच्या अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी ३२३ रुग्णांवर दोन्हींची तुलना केली. २०१३ मध्ये छापून आलेला निकाल उलटा होता. नाटामायसिनवाल्यांची नजर चांगली राहिली, बुबुळाला भोक पडण्याचं प्रमाणही कमी. फ्युजेरियम जातीच्या बुरशीत तर फरक फारच मोठा. मावशींना मी नाटामायसिनच दिलं. ते दुधासारखं पांढरं असतं, बाटली हलवून घालावं लागतं आणि डोळ्यात साका राहतो. दुसऱ्या दिवशी सून घाबरून आली, "डोळ्यात चुना साठतोय जणू." समजावून परत पाठवली. डागाची खूण राहिली, पण डोळा वाचला.

त्याहून मला जवळचं वाटतं ते नेपाळच्या डॉ. मदन उपाध्याय यांचं भक्तपूरमधलं काम, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेलं. डोळ्याला इजा झालेल्यांना गावातल्या नेत्रसेवकांनी केंद्रात पाठवायचं, आणि तिथे बुबुळाला खरचटलेल्या ४४२ जणांना क्लोरॅम्फेनिकॉल या अँटिबायोटिकचं साधं मलम तीन दिवस दिलं. इजा झाल्यापासून १८ तासांच्या आत आलेल्या २८४ जणांपैकी एकाच्याही डोळ्यात जखम चिघळली नाही. २४ तासांनंतर आलेल्या ४९ पैकी १४ जणांची चिघळली. तुलनेला मलम न दिलेला गट नव्हता, ही उणीव आहेच. तरी तो निबंध वाचल्यापासून, पान लागलं की त्याच दिवशी दवाखाना गाठा, हे मी येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला सांगतो. माझं हे सांगणं कुठल्याच इंडेक्समध्ये मोजलं जात नाही. पण संशोधनाचा प्रभाव म्हणतात तो माझ्या दवाखान्यात तरी असा दिसतो.

म्हणून त्या डॉक्टरांचा आकडा बघू नका, त्यांचे दोन-तीन निबंध कशावर आहेत ते बघा. काचबिंदूवर आयुष्य घालवलेला माणूस काचबिंदूसाठी सोन्यासारखा. साध्या मोतीबिंदूला मात्र वेगळं विचारा. वर्षाला किती ऑपरेशन स्वतः करता? भिंगामागची पातळ पिशवी फाटली तर पुढे काय करता? नीट उत्तर देणारे डॉक्टर असा प्रश्न ऐकून रागावत नाहीत.

आणि आईंना शुगर असेल तर ऑपरेशनआधी मागचा पडदा तपासून घ्या. शेतात जात असतील तर ऑपरेशननंतर डॉक्टर परवानगी देईपर्यंत उसात पाठवू नका.