वाचकांचे प्रश्न : खाणीचं तांबडं पाणी आणि चुना

प्रश्न : पहिला पाऊस पडला की वरच्या लोखंडाच्या खाणीचं तांबडं पाणी आमच्या व्हाळात (ओढ्यात) उतरतं आणि कुणग्यांत, म्हणजे भातखाचरांत, गाळ बसतो. कोळशाच्या खाणींचं पाणी चुना घालून सुधारतात, असं वाचलं. आम्हीही खाणवाल्यांकडे तीच मागणी करावी का? – एक शेतकरी, दोडामार्ग

उत्तर : आधी पाणी तपासा, कारण हे दोन वेगळे आजार आहेत. कोळशाच्या थरांत पायराइट हे लोह-गंधकाचं खनिज असतं. त्याला हवा आणि पाणी लागलं की गंधकाम्ल तयार होतं; चुना मारतो ते हेच आम्ल. मेघालयातल्या जैंतिया टेकड्यांमध्ये नद्यांची नासाडी झाली ती यामुळेच. असं पाणी कित्येकदा नितळ दिसतं, फक्त दगडांवर नारिंगी साका धरतो. तुमच्याकडे मात्र बहुतेक वाहते ती डंपची, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या मातीच्या ढिगाची, बारीक माती. खाणीच्या वर आणि खाली, एकाच दिवशी, पीएच पट्टीने पाणी पाहा; पीएचचा आकडा ७ च्या जितका खाली, तितकं पाणी जास्त आम्लधर्मी. जांभ्यातलं पाणी मुळातच थोडं आम्लधर्मी असतं, म्हणून एकट्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नका. दोन्ही जागांतला फरक बघा. खाणीखालच्या पाण्याचा पीएच ४-५ पर्यंत उतरला, तरच आम्लाचा संशय घ्या.

मग एक लिटरची पारदर्शक बाटली भरून हलवा आणि सावलीत ठेवून द्या. तासाभरात तळाशी बसते ती रेती आणि जाड गाळ. चोवीस तासांनंतरही वरचं पाणी तांबडं असेल, तर ती चिकणमाती. दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण एक मीटर खाली बसायला तीनेक दिवस घेतो. दहा मायक्रॉनचा तीन तासांत बसतो. पाणी थांबवून गाळ खाली बसू देणारा खाणीचा तलाव पुरतो की नाही, ते इथेच कळतं.

आता पावसाचा हिशोब. दहा हेक्टर डंपवर दिवसाला १०० मिमी पाऊस म्हणजे १०,००० घनमीटर पाणी, आणि कोकणात असे दिवस दुर्मीळ नाहीत. एवढं सगळं तलावात घेण्यापेक्षा डोंगराचं स्वच्छ पाणी डंपला लागूच न देणं स्वस्त पडतं. डंपच्या वरच्या अंगाला चर काढून ते बाहेरून वळवायचं, उतारांना पायऱ्या द्यायच्या, वाळा लावायचा. मागणी करायची तर आधी याची करा. तलाव नंतर.

तलाव फसतो तो ठरलेल्या चुकांनी. मागच्या वर्षीचा गाळ मे महिन्यात उपसलेला नसतो. पाणी शिरायची आणि बाहेर पडायची तोंडं जवळजवळ असतात, त्यामुळे पाणी न थांबता निघून जातं. बांध डंपच्याच भुसभुशीत मातीचा असतो आणि त्याला सांडवा नसतो. खाणीत तुंबलेलं पाणी सुटलं की काय होतं, ते जुलै २०२१ मध्ये दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे गावाने भोगलं आहे.

चिकणमातीसाठी तुरटी लागते, पण ती अंदाजाने टाकू नये. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम तुरटी विरघळवा; या द्रावणाच्या एका मिलिलिटरात १० मिलिग्रॅम तुरटी येते. पाच भांड्यांत प्रत्येकी लिटरभर गढूळ पाणी घेऊन १ ते ५ मिलिलिटर द्रावण घाला. मिनिटभर जोरात, मग दहा मिनिटं हळू ढवळा आणि अर्धा तास थांबा. कमीत कमी तुरटीत जे नितळलं, ते प्रमाण धरा. तुरटी पाण्यातली क्षारता, म्हणजे आम्ल पचवायची ताकद, खाते, आणि आपल्या पाण्यात ती मुळातच कमी असते. त्यामुळे पीएच घसरतो. चुन्याची गरज पडली तर ती इथे, थोडीशीच.

प्रश्न : व्हाळालगतच्या विहिरीचं पाणी उकळून प्यावं का? – एक गृहिणी, सावंतवाडी

उत्तर : उकळल्याने जंतू मरतात, लोह मात्र तसंच राहतं. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे लोह लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. गढूळपणा १ एनटीयूपर्यंत (एनटीयू हे गढूळपणा मोजायचं एकक) असावा, दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत. नमुन्यासाठी प्रयोगशाळेकडून दोन बाटल्या मागा. लोह तपासायच्या बाटलीत त्यांनीच आम्ल घातलेलं असतं. साध्या बाटलीत लोह काचेला चिकटतं आणि अहवालात कमी दिसतं.