कार्बुरेटर बिघडलेला नव्हता, बोटीचा नव्हता

प्रश्न : माझ्या घरगुती वापरातल्या पेट्रोल बोटीला मेकॅनिकने मोटारीचा कार्बुरेटर बसवला. ‘बोटीला चालेल ना?’ असं मी मेसेजवर विचारलं होतं. ‘आतून सगळं सारखंच असतं,’ असं त्याचं उत्तर आलं. पुढे आठवडाभर पेट्रोलचा वास येत होता, मग एक दिवस स्टार्टर मारताच इंजिनखान्यात भडका उडाला. माणसं वाचली, वायरिंग जळलं. आता तो म्हणतो, हा कार्बुरेटर परत द्या, दुसरा फुकट बसवतो. नोटिशीचा मसुदा सोबत पाठवतो आहे.

उत्तर : कार्बुरेटर परत देऊ नका. तुमचा मुख्य पुरावा तोच आहे, आणि फुकटची ऑफर त्यासाठीच असावी, असा मला दाट संशय आहे.

मसुद्यात ‘सदोष कार्बुरेटर’ चार वेळा आलंय. चारही ठिकाणी खोडा. उद्या समोरचा वकील तोच कार्बुरेटर मोटारीला लावून इंजिन झकास चालवून दाखवेल, मग दोष कुठे दाखवणार? तुमची तक्रार वेगळी आहे: वस्तू धड असेल, पण बोटीच्या कामाची नव्हती.

हा फरक नीट मांडा. कार्बुरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग. त्याच्या वाटीत पेट्रोल साठतं आणि फ्लोट, म्हणजे तरंगी, वाटी भरली की सुईने पेट्रोल थांबवते. ही सुई उघडी अडकली की वाटीतलं पेट्रोल ओसंडतं. मोटारीत ते खाली रस्त्यावर गळतं, वाफ वाऱ्यावर जाते. बोटीत खाली बंद तळ. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तिथेच साचते आणि एक ठिणगी पुरते. म्हणून बोटीच्या कार्बुरेटरमध्ये वाटीच्या हवानळ्या घशाकडे, म्हणजे हवा आत ओढणाऱ्या वाटेकडे, वळवलेल्या असतात, थ्रॉटलच्या (वेग कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) दांड्यालाही पेट्रोल आत परतवणारे खाचे असतात. ओसंडलेलं पेट्रोल इंजिनातच जातं. इंजिन गुदमरून बंद पडेल, पण तळात पेट्रोल साचणार नाही. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या नियमात तर ठरावीक चाचणीत ३० सेकंदांत ५ घनसेंटिमीटरपेक्षा जास्त गळती चालत नाही. तो नियम आपल्याकडे बंधनकारक नाही, तरी तुमच्या तज्ज्ञाला मोजमाप म्हणून उपयोगी पडेल.

कायद्याचा आधार मालविक्री कायदा, १९३० च्या कलम १६ चा. ग्राहकाने वापराचा हेतू सांगितला आणि त्या धंद्यातल्या विक्रेत्याच्या जाणकारीवर भिस्त ठेवली, तर वस्तू त्या कामाला योग्य असण्याची अट गृहीत असते. तुमचा मेसेज नेमका हेच सांगतो, म्हणून तो फोन विकू नका. मात्र अमुक ब्रँडचाच द्या असं तुम्ही स्वतः सांगितलं असेल, तर आधीच कळवा, बाजू पातळ होते. चुकीचा भाग बसवणं ही सेवेतली त्रुटीही आहे. वापर घरगुती असल्याने ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जाता येईल. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. वस्तू प्रयोगशाळेत तपासणीला पाठवण्याचे अधिकार ग्राहक आयोगाला आहेत.

आठवडाभराच्या वासावर मात्र उलटतपासणीत तुम्हाला टोचतील. वास येत असताना स्टार्टर का मारलात? लपवू नका. त्या दिवसांत मेकॅनिकला फोन केला असेल तर कॉलची नोंद काढा. नसेल केला, तर भरपाईत काही कपात होईल, असं धरून चला.

कार्बुरेटर धुऊ-पुसू नका. काजळीसकट, हवानळ्या आणि दांडा जवळून दिसतील असे फोटो काढा, दोन साक्षीदारांसमोर पिशवीत घालून सीलबंद करा आणि तिघांच्या सह्या घ्या. बिलावर ‘बोट’ हा शब्द आहे की नुसतं ‘कार्बुरेटर बदलला’ लिहिलंय, तेवढं बघून कळवा. नोटीस त्यानंतर पाठवू.