सोडून नऊ दिवस झाले, आणि घरचेच म्हणतात ‘एक ओढा’

“सिगारेट सोडल्यापासून मी असा का झालोय?” हा प्रश्न माझ्याकडे फार वेळा येतो, आणि बहुतेकदा सोडल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. विचारणारा माणूस तेव्हा परत ओढण्याच्या अगदी बेतात असतो. म्हणून या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर द्यावंसं वाटतं. त्यासाठी एका गृहस्थांची हकीकत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय पंचेचाळिशीचं, काम हिशेबाचं. कॉलेजात असताना लागलेली सिगारेट गेली कित्येक वर्षं दिवसाला एक पाकीट इथवर पोचलेली. सकाळी डोळे उघडल्यावर दहा मिनिटांत पहिली लागायचीच. एका रात्री मनाशी ठरवलं, उरलेलं पाकीट नळाखाली भिजवलं आणि बंद केली. औषध घेतलं नाही, कुणाला सांगितलंही नाही. माझ्याकडे आले तो नववा दिवस होता. सोबत पत्नी होत्या. भेटीची वेळ त्यांनीच ठरवली होती.

आदल्या संध्याकाळी मुलीच्या हातून पाण्याचा पेला सांडला होता. एवढ्याशा कारणावरून ते तिच्यावर इतके ओरडले की ती खोलीचं दार लावून बसली, बाहेर येईना. ऑफिसात एकाच रकान्याची बेरीज पुन्हा पुन्हा चुकत होती. रात्री झोप तुटत होती, तोंड आलं होतं, पोट साफ होत नव्हतं. वर खोकला वाढला होता, याचं त्यांना विशेष नवल वाटत होतं. हे सगळं सांगून ते म्हणाले, “मॅडम, सिगारेट होती म्हणून मी माणसात होतो, असं वाटायला लागलंय. हेच माझं खरं रूप असेल तर सोडून काय मिळवलं?”

पत्नी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “काल मीच यांना म्हटलं, एक ओढा, पण शांत व्हा. इतकी वर्षं सोडा सोडा म्हणून मागे लागले आणि काल मीच असं म्हटलं.” हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले.

अशा वेळी नुसता धीर देऊन काही होत नाही. शरीरात काय चाललंय ते दोघांनाही नीट कळावं लागतं. झुरका घेतला की निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचतं. तिथे ते ज्या रिसेप्टरांना, म्हणजे पेशींवरच्या संदेश टिपणाऱ्या जागांना, जाऊन चिकटतं, त्यांची संख्या रोजच्या ओढण्याने वाढत जाते. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. ते उतरू लागलं की वाढलेले रिसेप्टर रिकामे राहतात आणि माणूस कासावीस होतो, चिडतो, त्याचं कशात लक्ष लागत नाही. पुढची सिगारेट ओढली की हे थांबतं, आणि सिगारेटमुळे मन शांत होतं अशी त्याची खात्री पटत जाते. खरं तर मागच्या सिगारेटने निर्माण केलेली बेचैनीच पुढचीने तेवढ्यापुरती मिटवलेली असते. सावकाराचा हप्ता भरला की त्या रात्री झोप लागते, पण म्हणून सावकाराने आपलं भलं केलं असं कुणी म्हणत नाही.

सोडल्यानंतरचा त्रास शेवटच्या सिगारेटनंतर काही तासांत सुरू होतो. पहिल्या आठवड्यात, त्यातही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, तो सर्वांत जास्त असतो, आणि तीन-चार आठवड्यांत बराचसा ओसरतो. चिडचिड, उदासी, बेचैनी, झोप तुटणं, एकाग्रता न होणं, भूक वाढणं या सगळ्याची वैद्यकशास्त्रात सिगारेट सोडल्यानंतरच्या त्रासांच्या यादीत नोंद आहे. भूक मात्र जास्त काळ वाढलेली राहते. खोकल्याचंही कारण आहे. श्वासनलिकेतला कफ बाहेर ढकलणारे बारीक केस धुरामुळे निकामी झालेले असतात, ते पुन्हा काम करू लागले की कफ सुटतो. हे सांगितल्यावर गृहस्थांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडा मोकळेपणा दिसला.

“म्हणजे हे माझं खरं रूप नाही?”

“ते पाहायला अजून दोन-तीन आठवडे थांबावं लागेल,” मी म्हणाले. “आत्ता जे दिसतंय ते निकोटीन उतरत असलेल्या माणसाचं आहे.”

२०१४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सुरुवातीचे काही आठवडे उलटल्यानंतर, सोडलेल्यांची चिंता, उदासी आणि ताण, ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत कमी झालेले आढळले. मी हा निष्कर्ष प्रत्येकाला सांगते, कारण ‘सिगारेट गेली की माझं मन ढासळेल’ ही भीती फार खोलवर असते. पहिले दिवस त्या भीतीला खतपाणी घालतात. पहिल्या आठवड्यांतल्या मनःस्थितीवरून पुढच्या आयुष्याचा अंदाज बांधू नये.

मात्र मुलीवर ओरडण्याचं सगळं खापर निकोटीनवर फोडून मोकळं होता येत नाही, हेही मी त्यांना स्पष्ट सांगितलं. तिला कारण माहीत नव्हतं. तिने फक्त बाबा बदलले एवढंच पाहिलं होतं. घरी जाऊन तिला सरळ सांगायचं ठरलं: मी सिगारेट सोडलीय, काही दिवस मला लवकर राग येईल, त्यात तुझी चूक नाही, आणि राग आला की मी स्वतः खोलीतून बाहेर जाईन. त्यांनी ते त्याच रात्री सांगितलं. तिने विचारलं, “किती दिवस?” मुलं नेमका प्रश्न विचारतात. ‘साधारण महिनाभर’ हे खरं उत्तर देता आलं, कारण ते त्यांना स्वतःला आता ठाऊक होतं.

त्याच भेटीत, बोलता बोलता ते एकदम थांबले, हात चोळू लागले. “आत्ता आलीय बघा तलफ.” ती वेळ मी वाया जाऊ दिली नाही. टेबलावरचं घड्याळ त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हटलं, हिला घालवायचं नाही, दाबायचंही नाही, फक्त कुठे जाणवतेय ते मला सांगत राहा. घशात काहीतरी ओढल्यासारखं, जबडा घट्ट, उजव्या हाताची बोटं शिवशिवतायत, असं ते सांगत गेले. दुसऱ्या मिनिटाला म्हणाले, “वाढतेय.” तिसऱ्या मिनिटाला नुसतेच बसून राहिले. पाचव्याच्या आत खांदे सैल पडले आणि त्यांनी आश्चर्याने घड्याळाकडे पाहिलं. त्यांच्या मते तलफ दिवसभर चालू असायची. प्रत्यक्षात एकेक तलफ काही मिनिटांची असते. ती टिपेला जाते आणि ओढलं नाही तरी उतरते. ‘ओढल्याशिवाय ही जाणारच नाही’ हा समज इतक्या वर्षांत कधी तपासलाच गेलेला नसतो, कारण प्रत्येक वेळी ती उतरण्याआधीच सिगारेट पेटलेली असते. मला विचाराल तर ही पाच मिनिटं स्वतः अनुभवणं दहा व्याख्यानांपेक्षा मोलाचं आहे. घरीही तलफ आली की आधी घड्याळ पाहायचं, मग जागा बदलायची, घोटघोट पाणी प्यायचं, श्वास सावकाश सोडायचा, एवढंच ठरलं.

पण दिवसाला पाकीटभर ओढणाऱ्याने केवळ मनाच्या बळावर निभावून न्यावं, हा आग्रह मला पटत नाही. औषधाशिवाय सोडता येतच नाही असं नाही, मात्र औषधाने शक्यता नक्की वाढते. या औषधांपैकी निकोटीनचं च्युइंगम आपण पूर्वी करून पाहिलंय, घसा जळला, उचक्या लागल्या, फेकून दिलं, असं ते म्हणाले. विचारल्यावर कळलं की साध्या च्युइंगमसारखं ते चघळत राहिले होते. निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून शोषलं जायला हवं. गिळलं गेलं तर पोटात जळजळ होते आणि उपयोगही होत नाही. म्हणून हळू चावायचं, जिभेला चुरचुर लागली की थांबायचं, गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायचं, चुरचुर गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचं. असं अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं कॉफी किंवा आंबट पेय नको, त्याने शोषण कमी होतं. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागणाऱ्याला सहसा ४ मिलिग्रॅमचं च्युइंगम लागतं, एरवी २ मिलिग्रॅमचं. त्यांना मी त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी २१ मिलिग्रॅमचा पॅच, म्हणजे त्वचेवर चिकटवायची निकोटीनची पट्टी, आणि अचानक येणाऱ्या तलफेसाठी च्युइंगम, असं दोन्ही दिलं. एकट्या पॅचपेक्षा किंवा एकट्या च्युइंगमपेक्षा ही जोडी जास्त उपयोगी पडते. “म्हणजे पुन्हा निकोटीनच?” ही शंका त्यांनाही आली. निकोटीन व्यसन लावतं हे खरं, पण कॅन्सर आणि हृदयविकाराचं मुख्य कारण धूर असतो. पॅचमधलं निकोटीन हळूहळू रक्तात येतं, झुरक्यासारखं उसळत नाही, आणि पुढे मात्रा उतरवत नेता येते.

एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानातही आली नव्हती. सिगारेटच्या जागी त्यांनी कॉफी वाढवली होती. सिगारेटच्या धुरातले काही घटक यकृताला कॅफिन भराभर मोडायला लावतात. धूर थांबला की ते मोडणं मंदावतं आणि तेवढ्याच कॉफीतलं कॅफिन रक्तात बरंच जास्त वेळ राहतं. छातीत धडधड, हात थरथरणं, रात्रीचं जागरण यांतला बराच भाग कॉफीचा निघाला. त्यांनी ती निम्म्यावर आणली, दुपारनंतर बंद केली, आणि चार दिवसांत झोप सुधारली. याच कारणाने काही औषधांची रक्तातली पातळीही सोडल्यावर वाढते, विशेषतः क्लोझापिन, ओलांझापिन (दोन्ही मानसिक आजारांवरची) आणि थिओफिलिन (दम्यावरचं) यांची. ही औषधं चालू असतील तर सोडण्याआधीच डॉक्टरांना सांगायला हवं.

पत्नींशी मी थोडा वेळ वेगळं बोलले. ‘एक ओढा’ म्हणाल्याबद्दल त्या स्वतःला फार दोष देत होत्या. त्या थकल्या होत्या, एवढाच त्याचा अर्थ होता. त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. ते रागावले तर वाद वाढवू नका, पण सगळं सोसतही बसू नका. सरळ म्हणा की हे मला लागलं, नंतर बोलू. आणि रोज ‘ओढली का?’ असं विचारू नका. त्या प्रश्नात आरोप ऐकू येतो. ‘आजचा दिवस कसा गेला?’ पुरे.

सहाव्या आठवड्यात फोन आला. तिमाहीचे हिशेब संपवताना सहकाऱ्याने पुढे केलेल्या सिगारेटचे काही झुरके त्यांनी ओढले होते. “सगळं पाण्यात गेलं. आता पाकीटच घेतो.” मी विचारलं, “उरलेल्या सिगारेटचं काय केलंत?” विझवून टाकली होती. म्हणजे बरंच काही शाबूत होतं. त्या झुरक्यांपेक्षा ‘आता गेलंच’ हा विचार जास्त घातक, कारण पाकीट तो विकत घ्यायला लावतो. मग आम्ही नुसतं काय घडलं ते पाहिलं. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, च्युइंगम घरी राहिलं होतं, आणि ‘मी सोडलीय’ हे त्या सहकाऱ्याला कधी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला सांगितलं, च्युइंगमची एक पट्टी ऑफिसच्या खणात ठेवली, आणि पॅच चालूच ठेवला.

सगळ्यांचा त्रास तीन-चार आठवड्यांत ओसरतो असं नाही. उदासी त्याहून लांबली, कशातच रस वाटेनासा झाला, जगण्याचाच कंटाळा आल्याचे विचार येऊ लागले, तर ते सोडण्याचंच दुखणं समजून अंगावर काढू नये. आधी कधी नैराश्याचा आजार झाला असेल तर तर नाहीच. तसे विचार आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं.

या गृहस्थांच्या बाबतीत ती वेळ आली नाही. पॅच आता १४ मिलिग्रॅमवर आलाय, बेरजा जुळतायत, आणि मुलीने बाबांच्या रागाबद्दल विचारणं बंद केलंय. वजन मात्र वाढतंय; सोडल्यावर वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वाढतं, आणि त्यांना त्याची काळजी वाटू लागलीय. पुढच्या भेटीत त्यावरच बोलायचं आहे.