हस्ताक्षरी फाँट: कुठे शोभतो, कुठे नडतो

प्रश्न: घरगुती लोणच्यांचा व्यवसाय आहे. बरणीच्या लेबलवर हाताने लिहिल्यासारखी अक्षरं हवीत. 'कलम' हा फाँट फुकट मिळतो, पण तो धंद्यासाठी चालेल का?

बिनधास्त वापरा. इंडियन टाइप फाउंड्रीचा हा फाँट गूगल फाँट्सवर ओपन फाँट लायसन्सखाली मिळतो. लेबल, पिशव्या, जाहिराती, सगळीकडे चालतो. नुसती फाँटची फाइल तेवढी विकायची नाही. लाइट, रेग्युलर आणि बोल्ड असे तीन प्रकार आहेत. 'कैरीचं लोणचं' बोल्डमध्ये झकास दिसेल. घटक, वजन आणि तारीख मात्र 'मुक्ता'सारख्या सरळ फाँटमध्ये घ्या. तिरकी अक्षरं बारीक केली की गिऱ्हाईक चष्मा शोधत बसतं.

प्रश्न: कॅफेच्या मेनूकार्डावर 'कलम' वापरला. मोकळं दिसावं म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवलं, तर वरची रेघच तुटली. फाँट खराब आहे का?

फाँट बिचारा निर्दोष आहे. शिरोरेषा आपल्याला अखंड दिसते, पण फाँटमध्ये प्रत्येक अक्षर आपापला तुकडा घेऊन येतं आणि ते तुकडे टोकाला टोक भिडतात. लेटर स्पेसिंग वाढवलं की 'थालीपीठ'चे सांधे उघडे पडणारच. ते शून्यावर ठेवा आणि मोकळी जागा ओळींमध्ये सोडा. टाइप २० पॉइंटचा असेल तर ओळीला ३० पॉइंट देऊन बघा, नाहीतर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीत घुसतो.

आणखी एक. हाताने लिहिलेले दोन 'ळ' कधी हुबेहूब सारखे येत नाहीत. इथे 'मिसळ'मधला आणि 'गूळपोळी'तले दोन्ही ळ तंतोतंत एकच. त्यामुळे हस्ताक्षराचा भास चार-सहा शब्दांपुरताच टिकतो. पूर्ण मेनू त्यात लावू नका. मथळे 'कलम'मध्ये ठेवा. पदार्थ आणि भाव साध्या अक्षरांत. कार्डावर जागा असेल तर मी म्हणेन, एखादी ओळ खरोखरच हाताने लिहून स्कॅन करा.

प्रश्न: बालवाडीच्या पत्रिकेला कॉमिक सॅन्स लावला. इंग्रजी बदललं, मराठी ढिम्म!

कॉमिक सॅन्समध्ये देवनागरी नाहीच. अशा वेळी सॉफ्टवेअर गुपचूप दुसरा फाँट लावतं; विंडोजवर बहुधा मंगल किंवा निर्मला. कॉमिक सॅन्स टाइप डिझायनर व्हिन्सेंट कॉनेरने १९९४ साली कॉमिक्समधल्या अक्षरांवरून केला. जाणकार त्याला नाकं मुरडतात; बालवाडीत मला तो खटकत नाही. 'कलम'मध्ये देवनागरी आणि रोमन दोन्ही आहेत, तोच दोन्हीकडे लावा.

प्रश्न: श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फाइलला 'कलम' लावला, तर भलतीच चिन्हं आली.

तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या सर्वमान्य पद्धतीत, नसणार. आधी युनिकोडमध्ये बदलून देणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढा, मगच फाँट बदला. नंतर जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, विशेषतः 'दऱ्या', 'सुऱ्या', 'वाऱ्यावर' यांसारख्या शब्दांमधला अर्धा र.