सदाफुलीचा काढा देऊ का?

प्रश्न : माझ्या वडिलांना लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) आहे. केमोच्या दोन सायकल झाल्या. मामा म्हणतात, केमोतलं औषध सदाफुलीचंच असतं, मग त्या झाडाच्या पानांचा काढा रोज द्यायला काय हरकत आहे? नुसतं झाड, त्याचा कसला अपाय! खरंच देऊ का?

उत्तर : ताई, देऊ नका.

मामांची माहिती मात्र चुकीची नाही. विन्क्रिस्टिन आणि विनब्लास्टिन ही दोन्ही औषधं सदाफुलीतूनच मिळाली. 1950च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर सदाफुलीत मधुमेहावरचं औषध शोधत होते. उंदरांना पानांचा अर्क तोंडाने पाजला, तर साखरेवर काही फरक पडेना. तोच अर्क शिरेतून टोचला, तेव्हा उंदीर जंतुसंसर्गाने दगावले, कारण त्यांच्या पांढऱ्या पेशी पार घटल्या होत्या. तिथून पुढे रक्ताच्या कर्करोगावरच्या औषधाची वाट सापडली. म्हणजे औषध आणि अपाय दोन्ही एकाच गुणातून आले.

मी केमोची औषधं तयार करणारी फार्मासिस्ट. विन्क्रिस्टिनच्या 1 मिलीलीटरमध्ये औषध असतं 1 मिलिग्रॅम. मोठ्या माणसालाही एका वेळी साधारणपणे 2 मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. हातात दोन-दोन ग्लोव्हज घालून मी ते सलाइनच्या छोट्या पिशवीत भरते. रुग्णाचं नाव आणि डोस मोठ्याने वाचते, सहकारी पुन्हा ताडून बघते, मग पिशवीवर चिठ्ठी लागते : ‘फक्त शिरेतून’. चुकून मणक्यात गेलं तर माणूस वाचणं कठीण. हे रोज हाताळणाऱ्या मला काढ्याची धास्ती वाटते. सदाफुलीत शंभराहून जास्त अल्कलॉइड्स, म्हणजे शरीरावर जोरदार परिणाम करू शकणारी वनस्पतीतली रसायनं, असतात. तुमच्या भांड्यात त्यातलं काय आणि किती उतरलं, हे कोण मोजणार?

एका रुग्णाच्या पांढऱ्या पेशी दर वेळी अपेक्षेपेक्षा जास्त घसरायच्या. डॉक्टर केमोचा डोस कमी करायच्या विचारात होते. एके दिवशी त्या रुग्णाच्या पत्नीने पिशवीतून हिरव्या पाण्याची, काढ्याची बाटली काढली. काढ्यानेच पेशी घसरल्या असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण त्या बाटलीपायी खरं औषध कमी होणार होतं, हे मला आजही सलतं.

‘अमुक वनस्पतीने कर्करोगाच्या पेशी मारल्या’ अशा बातम्या बहुतेक वेळा काचेच्या बशीतल्या पेशींच्या असतात. तिथून माणसापर्यंतचा रस्ता लांब आहे. पॅसिफिक यू या झाडाची साल 1962 मध्ये तपासणीसाठी गोळा केली गेली, तिच्यातल्या पॅक्लिटॅक्सेल या कर्करोगावरच्या औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली 1992 मध्ये. ते पाण्यात विरघळत नाही, एवढ्या एका अडचणीनेही शास्त्रज्ञांना वर्षानुवर्षं छळलं. वनस्पतींवर माझा जीव आहे, म्हणूनच हा खटाटोप मला टाळण्यासारखा वाटत नाही.

काढा आधीच सुरू केला असेल तर बंद करा आणि डॉक्टरांना आजच सांगा, रागावतील म्हणून लपवू नका. विन्क्रिस्टिन चालू असेल तर शर्टाची बटणं लावताना बोटं बधिर वाटतात का, पोट साफ होतं का, हे वडिलांना रोज विचारा. ताप 100.4च्या वर गेला, तर सकाळची वाट न बघता रात्रीच दवाखाना गाठा. मामांना सोबत घ्या, तेव्हा गाडी काढायला कुणीतरी लागेलच.