डिकीतला बेस नुसताच घुमतो

प्रश्न: हॅचबॅकच्या डिकीत १२ इंची सबवूफर (फक्त बेस वाजवणारा मोठा स्पीकर) बसवलाय, ॲम्प्लिफायर म्हणजे ॲम्प वेगळा आहे. आवाज वाढवला की नुसतं घूं घूं होतं, नंबरप्लेट खडखडते आणि ढोलकीची थाप सुटी ऐकूच येत नाही. बॉक्सचं तोंड कुठं करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर: बॉक्सला हात लावायच्या आधी ॲम्पवरचा बेस बूस्ट शून्यावर आणा. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे हो, स्टीरिओच्या सिग्नलशी ॲम्प जुळवायचा स्क्रू आहे तो, आणि बरेच फिटर तो फुल्ल पिळून मोकळे होतात. स्टीरिओ पाऊण आवाजावर ठेवा, गेन हळूहळू वाढवा, आवाज फाटला की जरा मागे घ्या. सबवूफरचा लो पास (ठरलेल्या आकड्याच्या खालचेच सूर सोडणारा फिल्टर) ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा आणि दारातल्या स्पीकरांचा हाय पासही (हा वरचेच सूर सोडतो) तिथेच, कारण थापेचा कडकपणा दारातनं येतो, सबमधनं नाही.

आता बॉक्स. हॅचबॅकमध्ये तोंड मागच्या दाराकडे केलं तर बहुतेकदा चांगलं जमतं, पण दाराला चिकटवू नका, चार बोटं मागंपुढं सरकवून बघा, फरक पडतो. मग कुणालातरी ॲम्पवरचं फेजचं बटण (सबवूफरची हालचाल सुलट-उलट करणारं) ० आणि १८० वर फिरवायला लावा, तुम्ही ड्रायव्हर सीटवर बसून ऐका, जिथं बेस भरीव आणि पुढनं आल्यासारखा वाटेल तेच फायनल. नंबरप्लेटमागं फोम टेप, बॉक्सला पट्टा. आणि बॅटरीजवळ, ॲम्पला जाणाऱ्या वायरच्या पहिल्या दीड फुटात फ्यूज आहे ना ते आजच बघा, नसेल तर गाणी नंतर.