गावच्या घराची आजची किंमत कशी ठरवावी?

प्रश्न : देवगड तालुक्यातील आमच्या गावी वडिलांनी चाळीस वर्षांपूर्वी बांधलेले जांभ्या चिऱ्याचे, मंगलोरी कौलांचे घर आहे. घर व आवार मिळून पाच गुंठे जागा आहे. वडिलांच्या पश्चात आम्हा तीन भावंडांपैकी धाकटा भाऊ घर ठेवून घेणार असून आम्हा दोघांना हिश्श्याची रक्कम देणार आहे. मात्र रेडी रेकनरने (सरकारी दरतक्त्याने) येणारी किंमत आणि गावात सांगितली जाणारी किंमत यांत तिपटीचा फरक पडतो. नेमकी कोणती धरावी?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : या दोन्हींपैकी कोणतीही किंमत जशीच्या तशी धरू नये. रेडी रेकनरचे दर मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी ठरवलेले असतात. एकाच गावातील डांबरी रस्त्यालगतची जागा आणि पाणंदीतून आत जावे लागणारी जागा यांतला फरक त्यांत पुरेसा उतरत नाही. शिवाय शेतजमिनीचा दर हेक्टरी आणि गावठाणातील जागेचा दर चौरस मीटरला दिलेला असतो. त्यामुळे आपण यांपैकी कोणता दर लावला, हे आधी तपासावे. गावातल्या आकड्याविषयी एवढेच म्हणता येईल की, तो बहुधा विकणाऱ्याने मागितलेला असतो, घेणाऱ्याने दिलेला नव्हे.

किमतीचा खरा निकाल बऱ्याच अंशी कागदपत्रांवर लागतो. घर गावठाणात असून मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) वडिलांच्या नावे असेल, तर कोणीही ते विकत घेऊ शकतो. मात्र घराखालची जमीन सातबाऱ्यावर शेती म्हणूनच असेल, तर कुळकायद्याच्या कलम ६३ नुसार सामान्यतः शेतकरी खातेदारच ती घेऊ शकतो. गिऱ्हाइके घटतात, बँका कर्ज देताना हात आखडता घेतात आणि भाव उतरतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा करआकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. कोकणात नेहमी आढळते त्याप्रमाणे सातबाऱ्यावर चुलत घराण्यांची सामायिक नावे आणि आणेवारी (आण्यांत मांडलेले हिस्से) असेल, तर सरसनिरस वाटप (जमिनीचा कस पाहून केलेली प्रत्यक्ष वाटणी) झाल्याशिवाय पूर्ण भाव धरणे धाकट्या भावावर अन्यायाचे होईल.

यानंतर जागा आणि बांधकाम यांचा हिशेब वेगवेगळा करावा. समजा, घर १००० चौरस फुटांचे आहे आणि तसेच घर आज नव्याने बांधण्यास चौरस फुटाला १६०० रुपये पडतात. म्हणजे नव्या घराचा खर्च १६ लाख झाला. चिऱ्याच्या बांधकामाचे आयुष्य ६० वर्षे आणि अखेरचे भंगारमूल्य १० टक्के धरल्यास ४० वर्षांची घट (उरलेल्या ९० टक्क्यांच्या दोन-तृतीयांश) ६० टक्के होते व बांधकामाचे ६ लाख ४० हजार रुपये उरतात. वासे-रीप वाळवीने गेले असतील तर छप्पर बदलण्याचा खर्च त्यातून वजा करावा. मागाहून बांधलेले संडास-न्हाणीघर त्याच्या स्वतःच्या वयाप्रमाणे मोजावे. वडिलांनी त्या काळी किती खर्च केला होता, हा आकडा येथे निरुपयोगी आहे. घरातल्या चर्चेत तोच सर्वांत आधी निघतो, हा भाग वेगळा.

जागेच्या भावासाठी आपल्या व लगतच्या गावांतील गेल्या दोन-तीन वर्षांच्या नोंदणीकृत खरेदीखतांची सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, म्हणजे दस्ताचा गोषवारा) पाहावी. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ती शोधता येते आणि तीत मोबदला (दस्तात दाखवलेली रक्कम) व बाजारभाव (रेडी रेकनरप्रमाणे येणारा) असे दोन्ही आकडे असतात. काही दस्तांत प्रत्यक्षापेक्षा कमी रक्कम दाखवलेली असते, म्हणून एका व्यवहारावर न विसंबता चार-पाच व्यवहार पाहावेत आणि रस्ता, विहीर व जमिनीचा प्रकार जुळणारेच तुलनेला घ्यावेत. हापूसची कलमे व नारळ यांची किंमत बागायतीच्या गुंठ्याच्या भावात आली असेल, तर ती पुन्हा स्वतंत्र धरू नये.

आकड्यावर एकमत होत नसेल, तर तिघांच्या लेखी संमतीने एक नोंदणीकृत मूल्यांकनकार नेमून मूल्यांकनाची तारीख आधीच ठरवून घ्यावी. मोबदला घेऊन केलेल्या हक्कसोडपत्रावर (आपला हिस्सा सोडून देण्याच्या दस्तावर) त्या हिश्श्यापुरते खरेदीखताप्रमाणे मुद्रांक शुल्क लागते. ते कोणी भरायचे, हेही रक्कम ठरवतानाच लिहून ठेवावे.